विश्लेषण : ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’च्या केसमध्ये गुन्हा कबूल करावा की केस लढवावी?

थर्टी फर्स्ट, गटारी, धुळवड जवळ आली की शहरांतल्या नाक्यानाक्यांवर नाकाबंदी लागते. पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतात, मशीनमध्ये फुंकर मारायला सांगतात आणि आकडा वर गेला की केस होते. मग मित्रांच्या ग्रुपवर एकच सल्ला फिरू लागतो, ‘कोर्टात जा, गुन्हा कबूल कर, दहा हजार भर, विषय संपव.’ पण विषय खरंच संपतो का? कबूल केल्याने नेमकं काय होतं? आणि केस लढवण्यात अर्थ कधी असतो?

हे चलन आहे की गुन्हा?

हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, चुकीच्या जागी पार्किंग केलं, अशा बऱ्याच प्रकरणांत ठरलेली रक्कम भरून तडजोड करता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये अशा कलमांची यादी आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ त्या यादीत नाही. त्यामुळे हे प्रकरण रस्त्यावर किंवा अ‍ॅपवर मिटत नाही, दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातच जातं. ‘इथेच मिटवून टाकू’ असं कोणी म्हणत असेल तर ती लाच आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

कलम १८५ काय सांगतं?

गाडी चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर गुन्हा होतो. हे प्रमाण ब्रेथ अ‍ॅनालायझरने किंवा प्रयोगशाळेतल्या चाचणीने सिद्ध करता येतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड ‘दोन हजारांपर्यंत’ होता. आता कायद्यात ‘पर्यंत’ नाही, दंड करायचा तर आकडा ठरलेला आहे.

कबूल केलं तर फक्त दहा हजारच जातात का?

नाही, आणि ग्रुपवरच्या सल्ल्यात नेमकं हेच सुटतं. याच कायद्याच्या कलम २० नुसार, कलम १८५ खाली दोषी ठरवताना कोर्टाने त्या व्यक्तीला लायसन्ससाठी अपात्र ठरवायचं आहे आणि ही मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी नसावी. शिवाय कलम २०६ नुसार पोलीस नाकाबंदीतच लायसन्स जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवू शकतात.

ऑफिसला लोकलने जाणाऱ्याला सहा महिने गाडीविना काढता येतील. पण रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवणाऱ्याचं किंवा बाइकवरून डिलिव्हरी करणाऱ्याचं सहा महिन्यांचं उत्पन्न जातं. त्याच्यासाठी दहा हजार हा शिक्षेचा लहान भाग आहे.

दुसरी गोष्ट, ‘कबूल आहे’ म्हणणं म्हणजे फी भरणं नव्हे. तिथे दोषसिद्धी नोंदली जाते. पुढच्या वेळी सापडलात तर ती केस ‘दुसरा गुन्हा’ म्हणून उभी राहू शकते. आणि एकदा कबूल केल्यावर अपिलाचा दरवाजाही जवळपास बंद होतो. शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यावरच अपील करता येतं. ‘मी प्यायलोच नव्हतो’ हे नंतर सांगता येत नाही.

मग केस लढवलेलीच बरी?

तेही सरसकट खरं नाही. लढायचं म्हणजे तारखा आल्या. पोलीस साक्षीदार, लागल्यास डॉक्टर, यांच्या साक्षी होतात आणि कधी साक्षीदार येत नाही, कधी कोर्टाला वेळ नसतो. प्रत्येक तारखेला कामाचा दिवस बुडतो, वकिलाची फी वेगळी. प्रत्यक्ष हजेरीतून सूट मागता येते, पण ती द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं.

पासपोर्टच्या बाबतीत तर उलटंच चित्र आहे. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ नुसार, फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्या कोर्टाची परवानगी आणली तर मार्ग निघतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि पासपोर्ट बहुतेकदा कमी मुदतीचा मिळतो. दोषसिद्धीमुळे पासपोर्ट नाकारायचा तर मात्र नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची शिक्षा, अशी अट आहे. म्हणजे दंड भरून मोकळा झालेला माणूस पासपोर्टच्या रांगेत पुढे जातो आणि निर्दोष असल्याचं सांगत लढणारा अडकतो. म्हणूनच परदेशी शिक्षणाची किंवा नोकरीची तारीख जवळ आलेली बरीच मुलं पटकन कबूल करून टाकतात.

पण व्हिसाचा फॉर्म वेगळा असतो. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात कधी अटक झाली होती का किंवा दोषी ठरला होता का, असं विचारतात. तिथे कबूल करूनही सुटका नाही. अटक झाली असेल तर निर्दोष सुटूनही ती सांगावीच लागते.

सरकारी नोकरीचं काय?

भरतीनंतरच्या पडताळणी फॉर्ममध्ये साधारणपणे प्रलंबित खटला आणि दोषसिद्धी, दोन्हींची माहिती मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात याची चौकट ठरवून दिली. किरकोळ गुन्हा असेल तर नेमणूक करणारी यंत्रणा तो दुर्लक्षित करू शकते. पण माहिती लपवली, तर ते लपवणंच नोकरी जाण्याचं कारण होऊ शकतं. म्हणून ‘दंड भरला, आता सांगायची गरज नाही’ हा सर्वांत महागात पडणारा समज आहे.

लढण्यासारखी केस कशी ओळखायची?

‘मी थोडीच प्यायलो होतो’ यावरून हे ठरत नाही, कागदांवरून ठरतं. ब्रेथ अ‍ॅनालायझरची प्रिंट आहे का? त्यावर नाव, तारीख, वेळ आणि आकडा आहे का? आकडा ३० च्या अगदी जवळ आहे की शंभराच्या पुढे? मशीनची तपासणी शेवटची कधी झाली? तुम्ही खरोखर गाडी चालवत होतात की उभ्या गाडीत बसला होतात?

केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणात कलम १८५ चा आरोप रद्द केला. फुंकर मारण्याआधी मशीनमध्ये फक्त हवा घेऊन घेतलेलं रीडिंग शून्य यायला हवं होतं, ते आलं नव्हतं. मशीनच्या आकड्यावर उभी असलेली केस त्याच आकड्यावर पडू शकते, ती अशी.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. कलम १८५ खाली अटक केल्यावर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर कायदा कोठडीतून सोडायला सांगतो. तेवढ्यावर केस आपोआप रद्द होत नाही. तसंच, योग्य कारणाशिवाय चाचणी नाकारली तर तो नकारही कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येतो.

आकडा मोठा आणि कागद चोख असतील तर?

मग लढणं म्हणजे बहुतेक वेळा निकाल पुढे ढकलणं. अशा वेळी प्रश्न ‘दोषी की निर्दोष’ हा राहत नाही, ‘शिक्षा काय’ हा उरतो. १९५८ चा प्रोबेशन कायदा इथे उपयोगी पडू शकतो. पहिलाच गुन्हा असेल तर समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा अधिकार कोर्टाला आहे. त्या कायद्याच्या कलम १२ नुसार, असं सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीला जोडून येणारी अपात्रता लागत नाही. हे मागितल्याशिवाय मिळणं कठीण आणि मागितलं तरी मिळेलच असं नाही. दारू पिऊन चालवलेल्या गाडीने इतरांचे जीव जातात हे कोर्टासमोर रोज येत असतं. त्यामुळे गाडीचा वेग, धडक, कोणाला इजा झाली का, याकडेही कोर्ट पाहतं.

केसमध्ये भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवण्याचं कलम जोडलं आहे का, तेही बघा. ‘कबूल आहे’ म्हणताना नेमकं काय काय कबूल करता आहात, हे त्यावर ठरतं.

पहिल्या तारखेला काय करायचं?

अशा खटल्यात दंडाधिकारी आरोप सांगतात आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारतात. आरोपीचं उत्तर शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवायचं असतं. तिथे रांग मोठी असते, मागून कोणी तरी ‘हो म्हण’ असं सांगत असतं. पण त्याच दिवशी उत्तर द्यायलाच हवं असं नाही. कागदांच्या प्रती आणि वकिलाशी बोलायला वेळ मागता येतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका पातळीवरच्या विधी सेवा कार्यालयात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. हेल्पलाइनचा नंबर १५१००.

वकिलाला दोनच गोष्टी आधी सांगा. पहिली, मशीनचा आकडा आणि त्याचा कागद. दुसरी, पुढच्या वर्षभरात तुम्हाला जास्त गरज कशाची आहे, लायसन्सची की पासपोर्टची. आकडा ३० च्या आसपास असेल आणि पोट गाडीवर असेल, तर तारखांचा त्रास सोसून लढण्यात अर्थ आहे. आकडा शंभराच्या पुढे, प्रिंट चोख आणि दोन महिन्यांनी परदेशी जायचं असेल, तर कबुली देऊन शिक्षेवर बोलणं शहाणपणाचं ठरू शकतं. दोन्ही माणसांवर कलम एकच असतं. म्हणून मित्राने काय केलं ते विचारण्याआधी स्वतःच्या केसचा कागद वाचा.