टिक काढली तरी परत येते

शनिवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला तर तो एकतर बँकेचा असतो नाहीतर भाच्याचा. ह्या वेळी भाचा होता.

"मामा, फोल्डर रीड-ओन्ली झालंय. टिक काढतोय, ॲप्लाय करतोय, परत उघडून बघतोय तर आहेच तिथं. काल रात्रीपासून हेच चाललंय बघा."

भाचा अंबाजोगाईला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव धारूर तालुक्यात. दसरा-दिवाळीच्या आसपास तिथली निम्मी घरं कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. मागे राहिलेल्या पोरांसाठी गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. जेवण आणि अभ्यास शाळेत, झोपायला आजी-आजोबांकडे. भाच्याने प्रोजेक्टसाठी त्याच शाळेची हजेरी घेतलीय. कॉलेजात बाकीच्यांनी लायब्ररी मॅनेजमेंट आणि हॉटेल बुकिंग घेतलं, ह्याने हे घेतलं, म्हणून मामाला कौतुक. आणि डेटाबेस शाळेच्याच कॉम्प्युटरवर, लोकल. का, तर लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, आणि हजेरी काही टॉवरची वाट बघत थांबत नाही.

आता त्याने केलं काय होतं? विंडोजवर मायएसक्यूएल टाकलं. इन्स्टॉलरने डेटा 'प्रोग्रामडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवला. पठ्ठ्याला वाटलं, हा सापडणार कसा आणि बॅकअप घेणार कसा? म्हणून तो उचलून आपल्या लॉगिनच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये आणला आणि सेटिंगच्या फाइलमध्ये नवा पत्ता लिहिला. झालं. सर्व्हिस सुरू होते आणि लगेच थांबते. तक्रार लिहायची लॉग फाइलसुद्धा त्याच फोल्डरमध्ये, त्यामुळे सर्व्हरला आपलं गाऱ्हाणंही लिहिता येईना :) मग भाच्याने फोल्डरवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडल्या, आणि तिथे 'रीड-ओन्ली'च्या चौकोनात ते काळं ठिपकं दिसलं. गुन्हेगार सापडला!

इथेच माझी चिडचिड सुरू होते, आणि ती भाच्यावर नाही. तो चौकोन शुद्ध दिशाभूल आहे. विंडोजमध्ये प्रत्येक फोल्डरला तो तसाच भरलेला दिसतो, तुमच्याही आत्ता दिसेल. त्याचा अर्थ फोल्डर रीड-ओन्ली आहे असा नाहीच. फोल्डरच्या बाबतीत हा गुणधर्म विंडोज लिहिण्यासाठी जुमानतच नाही. एक्सप्लोररला त्याचा उपयोग एवढाच, की ह्या फोल्डरचं चित्र किंवा मांडणी वेगळी ठेवायची का हे कळावं. आतल्या फाइलींवरची टिक मात्र खरी असते, म्हणून चौकोन अर्धवट भरलेला: 'फाइलींवर लावायची असेल तर लावा' अशा अर्थाने. तुम्ही काढता, ॲप्लाय करता, परत उघडता, तो पुन्हा भरलेला. डॉसच्या काळातली ही वस्तू. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या कागदपत्रांत हे सगळं नीट लिहून ठेवलंय, फक्त तो चौकोन तिथून हलवायचं काम कोणी केलं नाही. किती रात्री गेल्या असतील लोकांच्या ह्यात.

मग फोल्डरला झालंय काय? काहीच नाही. भाच्याला त्यात लिहिता येतं, वाचता येतं, सगळं. मायएसक्यूएल म्हणजे भाचा नव्हे, एवढीच भानगड आहे. ती सर्व्हिस विंडोजमध्ये स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालते, इथे त्याचं नाव 'नेटवर्क सर्व्हिस'. आणि डॉक्युमेंट्समध्ये परवानगी असते ती ज्याचे डॉक्युमेंट्स त्याला, ॲडमिनिस्ट्रेटरला आणि सिस्टमला. नेटवर्क सर्व्हिस त्या घरात परकी. ती दारात उभी, दार बंद, म्हणून ती परत गेली. लिनक्सवर हीच गोष्ट 'एरर १३, परमिशन डिनाइड' म्हणून दिसते. तिथे सर्व्हर 'मायएसक्यूएल' नावाच्या युजरने चालतो आणि उबुंटूने २१.०४ पासून प्रत्येकाचं होम फोल्डर इतरांना बंदच करून टाकलंय. एसक्यूएल सर्व्हरवर 'ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५'. नावं वेगळी, मामला तोच: 'मला जमतंय मग ह्याला का नाही?' तर तो तुम्ही नाही म्हणून.

(खरंच रीड-ओन्ली होण्याचे प्रकारही असतात, नाही असं नाही. लिनक्सवर डिस्कच्या फाइलसिस्टिममध्ये गडबड आढळली तर ती स्वतःला रीड-ओन्ली करून घेऊ शकते. सारखी लाईट जाणाऱ्या गावात हे बघायला मिळतं. तेव्हा परवानग्यांशी खेळत बसू नका, आधी डेटा दुसरीकडे काढा. आणि एसक्यूलाइटवाल्यांनो, फाइलला परवानगी देऊन भागत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्यातही लिहिता यावं लागतं, कारण तिची जर्नल फाइल शेजारीच तयार होते.)

हे सगळं सांगून मी चहा घ्यायला उठणार, तेवढ्यात भाचा म्हणाला, "पण मामा, आता चालू झालंय की. टिक काही गेली नाही. शेवटी सिक्युरिटीत जाऊन 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाकला."

च्यायला.

आमच्या पिढीने ही सवय लावली हे मान्य करतो. आम्ही शिकलो विंडोज एक्सपीवर, जिथे घरातला प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर असायचा, आणि त्याआधी फॅट-३२ वर, जिथे फाइलला मालक ही कल्पनाच नव्हती. लिनक्सवर गेलो तर पहिल्या आठवड्यात ७७७ शिकलो: सगळ्यांना सगळं. एरर गेला, डेमो झाला, मार्क पडले. आजही ऑफिसात 'आत्ता ओपन करून टाक, नंतर टाइट करू' हे वाक्य मी महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. ते 'नंतर' कोणी पाहिलंय का? माझं म्हणणं असं की हा उपाय मूळ एररपेक्षा वाईट आहे. एरर निदान कोणीतरी पहाऱ्यावर आहे हे तरी सांगत होता. हे फक्त माझंच मत आहे असंही नाही. पोस्टग्रेसला लिनक्सवर डेटा फोल्डर ७७७ करून द्या, तो सुरूच होत नाही. त्याला ७०० लागतं, आणि २०१८ च्या आवृत्ती ११ पासून फार तर ७५०. मायएसक्यूएलची सेटिंगची फाइल सगळ्यांना लिहिता येईल अशी केली तर तो एक सूचना देतो आणि ती फाइल चक्क वाचतच नाही. म्हणजे सर्व्हर लिहिणाऱ्यांनी आपली ही सवय ओळखून ठेवलीय.

मी विचारलं, "त्या कॉम्प्युटरला लॉगिन किती?"

"तीन. हेडमास्तर, क्लार्क आणि स्टुडंट."

"आणि टेबलात काय काय आहे?"

पोराचं नाव, इयत्ता, घरी कोण आहे, आई-बाप कोणत्या कारखान्याला गेले, मुकादमाचा मोबाइल. म्हणजे वाचणाऱ्याला ह्या यादीतून नेमकं कळतं, की गावात आज रात्री कोणत्या घरी फक्त आजी आणि बारा वर्षांची नात आहे. स्टुडंट लॉगिनला पासवर्ड नाही. भाचा म्हणाला, डेटाबेसला आहे की पासवर्ड! अरे बाबा, पासवर्ड सर्व्हर विचारतो. फाइली उघड्या असतील तर कोणी सर्व्हर बंद असताना अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर नेऊन आपल्या मशीनवर पासवर्ड तपासणी बंद ठेवून उघडू शकतो. त्याला फार हुशारी लागत नाही, एक दुपार लागते.

पलीकडे बराच वेळ शांतता.

मग त्याला समजेल असं सांगावं म्हणून सातबारा काढला. सातबारा ऑनलाइन कोणीही बघतो. फेरफार लिहितो तलाठी (२०२४ पासून पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी), आणि ती नोंद प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. शेतकऱ्याला पूर्वी त्यात काहीच लिहिता येत नव्हतं, पीकसुद्धा तलाठीच लिहायचा, आणि बांधावर न जाता लिहिल्याच्या तक्रारी आपण लहानपणापासून ऐकत आलो. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याला लिहिण्याची परवानगी मिळाली. पण कशाची? आपल्या गटात, त्या हंगामात काय पेरलं, एवढंच. मालकाचं नाव त्याला बदलता येत नाही, शेजाऱ्याचा गट तर नाहीच. ॲपबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत आणि त्यातल्या कित्येक रास्त आहेत, तो वेगळा विषय. पण परवानगी द्यायची रीत हीच. 'तलाठी वेळेवर येत नाही ना, मग सातबारा सगळ्यांना लिहायला खुला करा' असं कोणी म्हटलं तर गावात काय होईल? भाचा हसला. त्याच्या घरी बांधाची केस चालू आहे.

मग बसलो दोघं, फोन स्पीकरवर टाकून. आधी सर्व्हिस थांबवली. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लॉग ऑन' टॅब उघडायला लावला, खातं कोणतं ते वाचून घेतलं. (हे पहिल्या मिनिटात बघायचं असतं, ते आम्ही दुसऱ्या दिवशी बघत होतो.) डेटा परत मूळ जागी प्रोग्रामडेटामध्ये नेला, सेटिंगमधला पत्ता पूर्ववत केला. त्याला तो डी ड्राइव्हवर न्यायचा होता. एरर तिथेही गेला असता, पण डी ड्राइव्हच्या नव्या फोल्डरमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक लॉगिनला बदल करायची मुभा आधीपासूनच असते, म्हणजे एव्हरीवनचाच धाकटा भाऊ. मग सिक्युरिटी टॅबमधून 'एव्हरीवन' काढला, 'युजर्स' काढला. युजर्सची ओळ सहज निघत नाही, ती वरच्या फोल्डरकडून वारसाहक्काने आलेली असते, तो वारसा आधी तोडावा लागतो. भाचा म्हणाला, "हे वारसनोंदीसारखंच हाय की." शेवटी यादीत उरले तिघं: सिस्टम, ॲडमिनिस्ट्रेटर आणि नेटवर्क सर्व्हिस. सर्व्हिस सुरू केली, सुरू राहिली. स्टुडंट लॉगिनने फोल्डर उघडून बघायला लावलं. उघडलं नाही. ह्या वेळचा एरर बघून दोघांनाही बरं वाटलं.

मुकादमाच्या नंबरचा कॉलम मात्र त्याने ठेवलाय. सर म्हणाले, पोरगं आजारी पडलं तर आई-बापाला निरोप त्याच्याचमार्फत जातो. पटलं, गप्प बसलो.

राहिला बॅकअप, ज्याच्यासाठी हे सगळं रामायण सुरू झालं होतं. चालू डेटाबेसच्या फाइली कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे सांगून त्याला डंप काढायला शिकवलं. एक फाइल, त्यात सगळी टेबलं. रोज संध्याकाळी आपोआप निघेल असं लावून झालं, आणि मी चहाचा तिसरा कप संपवला.

"आणि ही फाइल रोज कुठं ठेवणार?"

"पेन ड्राइव्हवर. सरांच्या किल्लीच्या जुडग्यात असतो तो. कुठं बाहेर राहिला तर जुडगं स्टॅंडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवून जातात."

डंपची फाइल नोटपॅडमध्येही उघडते. उद्या रविवार आहे, परत फोन करतो.