पोस्टकार्डावरचं न्यूबर्ग आणि पाडलेलं न्यूबर्ग

न्यूबर्गची जुनी रंगीत पोस्टकार्डं बघितली की प्रत्येकाच्या तोंडून एकच वाक्य निघतं, 'काय देखणं शहर होतं!' ब्रॉडवेचा ऐसपैस रस्ता, पॅलाटिन हॉटेल, डाउनिंग पार्क. देखणं होतंच हो. पण मग ते गेलं कुठे? हे कोणी विचारत नाही, म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: न्यूबर्ग हे हडसन नदीकाठचं छोटं शहर, न्यूयॉर्कच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर. १९०७ पासून अमेरिकेत पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूला पत्त्याशेजारी मजकूर लिहायला परवानगी मिळाली. पुढची बाजू पूर्ण चित्राला मोकळी झाली आणि एका सेंटच्या तिकिटावर छोट्या छोट्या शहरांची हॉटेलं, चर्चं, वाचनालयं देशभर फिरू लागली. छापणारे चित्रं नटवायचे. तारा-खांब पुसून टाकायचे, आभाळ निळंशार करायचे. म्हणजे कार्ड हा पुरावा आहे, पण पावडर लावलेला.

आता पुढचं बघा. जॉर्ज वॉशिंग्टन १७८२-८३ मध्ये ज्या दगडी घरात मुक्कामाला होते, ते न्यूयॉर्क राज्याने १८५० सालीच विकत घेतलं. वारसा म्हणून सरकारच्या मालकीची झालेली ही देशातली पहिली वास्तू. ती आजही उभी आहे. पॅलाटिन हॉटेल मात्र पाडलं. १९६०-७० च्या दशकांत 'अर्बन रिन्यूअल'च्या नावाखाली नदीकडच्या उतारावरच्या हजारावर इमारती जमीनदोस्त झाल्या. पाडायला केंद्राचा निधी मिळाला. त्या जागी जे उभं राहायचं होतं ते राहिलंच नाही. उतारावर दशकानुदशकं नुसतं गवत. तिथल्या कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांची घरं गेली, शेजार गेला.

१८३५ चं डच रिफॉर्म्ड चर्चही त्यात जायचं, पण लोक आडवे आले म्हणून वाचलं. २००१ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. पण दर्जाने छप्पर गळायचं थांबत नाही. त्याला पैसा लागतो आणि वास्तूला रोजचा वापर लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. चार नामांकित वास्तू वाचवल्या म्हणजे शहर वाचलं, असं नाही. शहर म्हणजे त्यांच्या मधली दुकानं, भाड्याच्या खोल्या, वरच्या मजल्यावरचे संसार. ते पोस्टकार्डावर फारसे येत नाहीत, कारण ते कोणी मिरवत नव्हतं. जे मिरवलं जात नाही त्यावर बुलडोझर फिरवताना कोणाचा हात थरथरत नाही. उद्या याच कार्डांवरून 'वारशाची' यादी केली, तर पुन्हा तीच माणसं यादीबाहेर राहतील.

म्हणून आपल्यापैकी जे या भागात राहतात, त्यांना एक सांगणं. नदीकाठच्या मोकळ्या जागेवर काय बांधायचं याची जाहीर सुनावणी होईल, तेव्हा जा. जुनी कार्डं जरूर न्या. पण सोबत हेही विचारा: इथे परवडणाऱ्या भाड्याची घरं किती? तळमजल्यावर छोट्या दुकानांना जागा आहे का? ज्यांची घरं पाडली त्यांच्या मुलानातवंडांना यात काय मिळणार?

नुसतं हळहळायला काही लागत नाही. सुनावणीला जाऊन बसायला एक संध्याकाळ लागते. तेवढी काढा.