तणाचा खर्च कोणी सोसायचा?

गाजर गवताला महाराष्ट्रातील जनतेने ‘काँग्रेस गवत’ असे नाव दिले. पांढऱ्या टोपीसारख्या दिसणाऱ्या फुलांवरून ते पडले, असे काही जण सांगतात, पी. एल. ४८० खाली अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर हे गवत आले म्हणून पडले, असे दुसरे सांगतात. दुसऱ्या समजुतीला तारखांची अडचण आहे. त्या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला. पुण्यात उकिरड्यांवर हे झाड १९५५ सालीच आढळले होते. अर्थात अमेरिकेचा गहू १९५१ च्या कर्जाखालीही आला होता. म्हणजे कराराचे नाव चुकले असले, तरी आयात धान्यातून बी आले हा तर्क तेवढ्याने बाद होत नाही. राजकीय विनोद म्हणून हे नाव सोयीचे ठरले खरे. परंतु त्या विनोदाआड मूळ प्रश्न झाकला गेला. सरकारे बदलली, गवत राहिले.

हे तण मूळचे मेक्सिको व आसपासच्या उष्ण अमेरिकेतले. तेथे त्याला खाणारे कीटक आहेत, त्याच्यावर पडणारे रोग आहेत. येथे ते एकटे आले, शत्रू मागे राहिले. एका जोमदार झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात. त्या वाऱ्याने, पाण्याने, वाहनांच्या चाकांनी व शेणखतातून पसरतात आणि वर्षानुवर्षे जमिनीत टिकतात. झाडातून पाझरणारी द्रव्ये शेजारच्या रोपांची वाढ खुंटवतात. देशातील सुमारे साडेतीन कोटी हेक्टर जमीन या गवताने व्यापली आहे, असा अंदाज तणशास्त्रज्ञांनी मांडला आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढेच आहे. व्यापाराचा लाभ मोजक्यांच्या खात्यावर जमा होतो; त्याबरोबर आलेल्या जीवांमुळे होणारा तोटा मात्र कोणाच्याच खात्यावर मांडला जात नाही. गायरानात गाजर गवत माजले की बागायतदाराचा गोठा ओस पडत नाही. त्याला चारा विकत घेता येतो. भूमिहीनाच्या शेळीचे मात्र चरण जाते. शेतात ते उगवले की उघड्या हातांनी उपटावे लागते मजूर स्त्रीला. हात, मान, चेहरा व पापण्यांवर उठणारी खाज आणि पुरळ, परागामुळे बळावणारा दमा, बुडालेली मजुरी आणि औषधाचा खर्च या साऱ्यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने २०२३ साली दिलेल्या अहवालानुसार आक्रमक परकीय जीवांमुळे होणारी जगाची हानी २०१९ साली ४२३ अब्ज डॉलरांहून अधिक होती, आणि १९७० पासून दर दशकात ती निदान चौपट होत आली आहे. हा आकडा प्रचंड आहे. पण त्याची विभागणी कशी झाली, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे.

‘ज्याने त्याने आपले रान स्वच्छ ठेवावे’ हा उपदेश येथे निरुपयोगी आहे. शेतकऱ्याने बांध साफ केला, तरी रेल्वेच्या रुळांलगत, रस्त्यांच्या कडेला, बंद गिरण्यांच्या आवारात आणि भाव वाढण्याची वाट पाहत पडीक ठेवलेल्या भूखंडांवर बियांचे कोठार भरलेलेच असते. कर्नाटकाने १९७५ साली हे तण कायद्याने उपद्रवी ठरवले. पण नुसत्या घोषणेने गवत मरत नाही. जमीनमालकावर जबाबदारी टाकायची तर सरकार हा सर्वांत मोठा मालक आहे, आणि त्याला नोटीस कोणी द्यायची, हे ठरवावे लागते.

सरकारी यंत्रणेकडून काही होत नाही, तणनाशक फवारून मोकळे व्हावे, असे म्हणणाऱ्यांनी पपईवरील पिठ्या ढेकणाची हकीकत आठवावी. २००८ साली ही कीड कोइमतूरजवळ आढळली आणि थोड्याच काळात महाराष्ट्रातील बागांपर्यंत आली. फवारण्यांनी ती आटोपली नाही. २०१० साली बंगळूरच्या सार्वजनिक संशोधन संस्थेने पोर्टो रिकोहून तिचा परोपजीवी कीटक आणला, तपासला, वाढवला व शेतकऱ्यांना दिला, कीड ओसरली. या उपायाला बाजारात विक्रेता नसतो, कारण एकदा सोडलेला कीटक पुन्हा विकता येत नाही. म्हणूनच ते काम सार्वजनिक संस्थेचेच आहे. गाजर गवतावरही १९८४ साली मेक्सिकन भुंगा सोडण्यात आला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो, पण एकटा पुरत नाही. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसल्याने वादही झाला. कीटक सोडण्यापूर्वी काटेकोर चाचणी आणि नंतर दीर्घ निरीक्षण हवे, हा त्यातला धडा आहे.

यातून तीन मागण्या निघतात. पहिली, बंदरांवरील व विमानतळांवरील तपासणीला पुरेशी प्रयोगशाळा व माणसे द्यावीत. १९१४ चा कायदा व त्याखालील २००३ चा आदेश कागदावर आहेत. तपासनीसाविना कायदा म्हणजे दाराविना चौकट. दुसरी, देशांतर्गत प्रसारावर वेळीच पहारा ठेवावा. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात मक्यावर दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधून न्यू साउथ वेल्समध्ये जाणारी कापणी यंत्रे गाजर गवताच्या बियांसाठी तपासली जातात. आपल्याकडे गावोगाव फिरणाऱ्या यंत्रांची अशी तपासणी का नसावी? तिसरी, फुलोरा येण्यापूर्वी गवत उपटणे हे रोजगार हमीचे काम मानावे. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड नाही. मात्र हातमोजे, मुखपट्टी आणि पूर्ण मजुरी यांखेरीज ते काम देणे म्हणजे समाजाचा तोटा पुन्हा त्याच हातांवर लादणे होय. पडीक भूखंडांवरील खर्च मालकाकडून वसूल व्हावा.

कार्यकर्त्यांना याची सुरुवात करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गावातील व पेठेतील तणग्रस्त जागांची मालकीनिहाय यादी करावी आणि ती ग्रामसभेत, नगरपालिकेत वाचून दाखवावी. खर्च कोणी सोसायचा हा वाद मग हवेत राहणार नाही. यादीतल्या नावांना त्याचे उत्तर द्यावे लागेल.