भारताचा बचाव उत्तरार्धातच का कोसळला?

२०१७ च्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात यजमान भारताने तिन्ही सामने गमावले. मात्र भारतावर झालेल्या ९ पैकी ७ गोल उत्तरार्धातले होते. प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस यांचा भर भक्कम बचाव आणि प्रतिहल्ल्यावर होता. या शैलीत चेंडू बराच वेळ प्रतिस्पर्ध्याकडे राहतो. बचावपटू पळून थकतात, तर कोल्हापूरच्या अनिकेत जाधवसारखे आघाडीपटू एकटे पडतात. कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जॅक्सन सिंगने भारताचा विश्वचषकातला पहिला गोल करत बरोबरी साधली, पण पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली. घानानेही अखेरच्या पाच मिनिटांत दोन गोल केले. बचावात्मक खेळणं चूक नव्हतं. चेंडू स्वतःकडे राखून दम घेणं मात्र जमलं नाही.