घमेल्यातला हिशेब

घर बांधताना सिमेंट कोणत्या कंपनीचे, सळई किती जाडीची, हे आपण बारकाईने विचारतो. माल वर कोण नेणार, हे मात्र विचारत नाही. माझ्या मते स्लॅबचे आयुष्य याच प्रश्नावर ठरते.

सिमेंटची गोणी 50 किलोची. तिच्यात दुप्पट वाळू, चौपट खडी आणि पाणी मिसळले की जवळजवळ 400 किलो माल होतो. तो घमेल्याघमेल्याने डोक्यावरून वर जातो. गोणीमागे 25-30 लिटर पाणी पुरते. पण घट्ट माल फावड्याने ओढताना खांदे भरून येतात, वर पोहोचेपर्यंत तो आवळू लागतो. मग आणखी एक बादली ओतली जाते. हे जादा पाणी पुढे उडून जाते, मागे छिद्रे राहतात. स्लॅब गळू लागला की आपण मजुरांच्या नावाने बोटे मोडतो!

1996 च्या बांधकाम मजूर कायद्याने दहापेक्षा कमी मजुरांची कामे वगळली होती. आपल्या गल्लीतली खोली-दोन खोल्यांची कामे बहुधा त्यातलीच. तेव्हा मालकानेच मिक्सर भाड्याने आणावा, दोन माणसे जास्त लावावीत. दोन हजेऱ्या वाचवून आपण आपलाच स्लॅब कच्चा करतो आणि दुसऱ्याची पाठ मोडतो.