टाकीतील शिल्लक



दिवेलागणीला रोकड मोजून रोजकीर्दीशी ताळा घेतल्यावाचून आपण पेढीला कुलूप लावत नाही. घरच्या पाण्याचा असा ताळा मात्र क्वचितच घेतला जातो. अकोल्यास महानच्या काटेपूर्णा धरणातून आणि अमरावतीस सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून येणारे पाणी शुद्ध करून, क्लोरीन मिसळून सोडले जाते. परंतु नळ रोज येतातच असे नाही. पाणी टाकीत साठून राहते आणि त्यातील क्लोरीन ऊन, उष्णता व तळचा गाळ यांत खर्ची पडतो. ही शिल्लक संपली की जंतूंना अटकाव उरत नाही.

आपल्याकडे पाणी गाळूनच घेतले जाते. या संस्काराचे मोल मोठे आहे. रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. त्यामुळे कॉलऱ्याचे प्रमाण 48 टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी 2003 साली प्रसिद्ध केले. जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटतात, ते कापडात अडकतात. सुटे जंतू मात्र पार होतात. 2022 च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे विहिरीच्या दूषित पाण्याने कॉलरा पसरला व माणसे दगावली, हे आपण विसरू नये.

म्हणून गाळण्याला क्लोरीनची जोड हवी. भारतीय मानकानुसार नळाच्या तोंडाशी उर्वरित क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावा. तपासणीच्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकताच पिवळी छटा आली, तर शिल्लक आहे असे समजावे; छटा तक्त्याशी जुळवून ते पाणी ओतून द्यावे. रंग न आल्यास टाकी धुऊन भरावी आणि 1000 लिटरमागे चांगल्या प्रतीची सुमारे 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर घ्यावी. ती थोड्या पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यावा व वरचे नितळ पाणीच टाकीत ओतावे. तासाभराने पुन्हा तपासावे. पावडर झाकणबंद डब्यात कोरडी ठेवावी. दमट पावडरीत कस राहत नाही. आम्लाशी तिचा संपर्क झाल्यास विषारी वायू निघतो, हेही ध्यानात असावे.

चातुर्मासात पाणी गढूळ येते, तेव्हा ही दक्षता अधिकच हवी. सायंकाळी पेढीचा ताळा जुळला की घरी येऊन टाकीचाही घ्यावा. तान्ही मुले व वृद्ध मातापिता यांची प्रकृती याच शिल्लकेवर अवलंबून असते.