खोटी दवंडी

जालना जिल्ह्यांतील एखादा बागाईतदार मोबाईलवर मोसंबीचा भाव पाहत असतां पडद्यावर एकाएकीं तांबडी पाटी झळकते: "आपल्या यंत्रांत विषाणू शिरला आहे, त्वरित या क्रमांकावर बोला!" अशा वेळीं भल्याभल्यांची गाळण उडते. आमच्या मतें हा विषाणूचा नव्हे, भयाचा प्रकार आहे. संकेतस्थळाच्या पानास फोनच्या पोटांत डोकावतां येत नाहीं. मग तें रोगाचें निदान कसें करील? २०१६ सालीं ठाणे पोलिसांनीं मीरा रोड येथें धाड घातली, तेथें कर-अधिकाऱ्याचें सोंग घेऊन अमेरिकनांस असेंच भिवविलें जात होतें. सोंग निराळें, हत्यार एकच.

अशा पाटीवर बोट लावूं नये, क्रमांक फिरवूं नये, ॲप उतरवूं नये. तें पान बंद करावें. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें.

परंतु लाजेनें पुष्कळ जण गप्प बसतात, आणि तेवढ्यांत चोर दूर जातो. म्हणून विद्यार्थीमित्रांनो, वडील माणूस फसलें तर हंसूं नका. पालकहो, मूल फसलें तर रागें भरूं नका. ज्या घरांत चूक सांगण्याची भीति नाहीं, तेथें चोराचा धाक फार काळ टिकत नाहीं.